चार बसकणी

आमच्या घरापासून नागपूरचं सुभाष नगर मेट्रो स्टेशन किती लांब, असं कोणी विचारलं तर माझा नवरा सांगतो अर्धा किलोमीटर, पायी सहा-सात मिनिटं. मी सांगते चार बसकणी. पहिली बसकण गल्लीच्या तोंडाशी काकूंच्या घराचा ओटा, दुसरी किराणा दुकानातलं लाल प्लास्टिकचं स्टूल (त्याचा एक पाय तडकलाय, भिंतीला टेकवूनच बसावं लागतं), तिसरी कडुनिंबाखालचा मारुतीचा पार आणि चौथी पानठेल्यासमोरचा लाकडी बाक. मग रस्ता क्रॉस केला की स्टेशनची लिफ्ट. थंडीत सकाळी सकाळी मी यातल्या दोन बसकणी गाळू शकते, एखाद्या दिवशी चारही गाळून सरळ लिफ्टपाशी पोचते आणि दिवसभर स्वतःवरच खूश असते. मे महिन्यात सकाळी साडेदहानंतर मात्र चार पुरत नाहीत.

मला एमएस आहे, मल्टिपल स्क्लेरॉसिस. आपल्याकडे एमएस म्हटलं की लोकांना आधी एमएसईबी आठवते, आणि खरं सांगू, समजवायला तीच बरी पडते. मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या नसा म्हणजे वायरी, त्यांच्यावर मायलिन नावाचं कव्हर असतं, आणि या आजारात आपलीच रोगप्रतिकारशक्ती ते कव्हर कुरतडते. जिथे कुरतडलं तिथे सिग्नल अडखळतो, कधी पोचतच नाही. मेंदू म्हणतो पाय उचल, पायाला ऐकूच येत नाही. बहुतेकांना विशी ते चाळिशीच्या दरम्यान होतो, आणि बायकांना पुरुषांपेक्षा दोन-तीन पट जास्त. हे मी घरी वाचून दाखवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "घ्या, हेही आपल्याच वाट्याला."

माझं सुरू झालं डोळ्यापासून. २०१४ चा डिसेंबर, मी एकोणतीस वर्षांची, घरात संत्र्यांची पेटी आलेली. सोलता सोलता उजव्या डोळ्यात रसाचा फवारा उडाला म्हणून तो डोळा मिटला तर हातातलं संत्रं एकदम मोसंबीसारखं फिकट दिसायला लागलं. उजवा उघडला, संत्रं. डावा उघडा ठेवून उजवा मिटला, मोसंबी. मी हा खेळ नवऱ्यालाही करून पाहायला लावला, त्याला दोन्ही डोळ्यांनी संत्रंच दिसलं, तर मी म्हटलं तुझं काहीतरी चुकून राहिलं. डोळा फिरवला की मागे दुखायचं. एका ठिकाणी सांगितलं टेन्शन आहे, दुसऱ्या ठिकाणी व्हिटॅमिन कमी. सहा-सात आठवड्यांत डोळा आपोआप बराच सुधारला आणि मी विसरून गेले. डोळ्याच्या नसेला आलेली सूज, आणि त्यात लाल-केशरी रंग आधी फिके पडतात, हे मला दोन वर्षांनी कळलं, जेव्हा डावा पाय घासायला लागला आणि धंतोलीत एमआरआय झाला. पांढरे ठिपके दाखवत डॉक्टर म्हणाले, यातला हा जुना आहे, याआधी कधी काही झालं होतं का? मी म्हटलं, संत्रं मोसंबी दिसलं होतं. त्यांनी ते लिहून घेतलं की नाही माहीत नाही, पण मान डोलावली.

औषधांबद्दल इथे फार लिहीत नाही. अटॅक आला की तीन ते पाच दिवस स्टेरॉइडच्या सलाईन, तोंडात लोखंड चाटल्यासारखी चव आणि रात्रभर टक्क जाग, आणि एरवी दर सहा महिन्यांनी एक सलाईन जे पुढचे अटॅक कमी करतं. गेलेलं परत आणत नाही. हे वाक्य पचायला मला औषधापेक्षा जास्त वेळ लागला.

चप्पलची गोष्ट सांगते. २०१७ चा मे, दुपारचे बारा, मी गोकुळपेठच्या बाजारातून भाजी घेऊन ऑटो पाहात चालत होते. पाय जड झाला होता पण म्हटलं ऊन आहे, सगळ्यांचाच होतो. मागून एक पोरगा पळत आला, "काकू, ओ काकू, तुमची चप्पल." मी खाली पाहिलं तर डाव्या पायात चप्पल नव्हती. मेच्या डांबरी रस्त्यावर मी अनवाणी पायाने किती पावलं चालले होते मला आजही माहीत नाही. पोराने चप्पल समोर ठेवली, मी पाय घालायला गेले तर पंजा वर उचलेचना, बोटं चप्पलच्या पट्ट्यावरच आपटायची, शेवटी त्या पोराने खाली बसून माझा पाय हाताने धरून आत घातला. पोट्टं बारा-तेरा वर्षांचं असेल. मी थँक्यू म्हणायचंही विसरले. घरी येऊन पाहिलं तर तळव्याला दोन फोड, आणि दुखणं? रात्री साडेनऊला सुरू झालं, कूलरसमोर दोन तास बसल्यावर, म्हणजे नस थंड झाली तेव्हा बातमी पोचली.

तेव्हापासून चप्पल बंद. मागे पट्टा असलेले सँडल, हलके, आणि पंजा लटकू नये म्हणून पोटरीमागून तळव्याखाली जाणारा प्लास्टिकचा स्प्लिंट. स्प्लिंटमुळे डाव्या पायाला एक नंबर मोठा सँडल लागतो आणि दुकानदार दोन वेगळ्या नंबरचे एकेक सँडल देत नाही, म्हणून मी दोन जोड्या घेते. उरलेले एकेक सँडल माळ्यावर पडून आहेत, टाकवत नाहीत.

उन्हाचं हे जे आहे ना, त्याला नाव आहे. विल्हेल्म उथॉफ नावाच्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरने १८९० मध्ये लिहून ठेवलं की काही पेशंटना मेहनतीचं काम केलं की कमी दिसायला लागतं आणि आराम केला की परत नीट दिसतं. पुढे कळलं की खरी गडबड अंगातल्या गरमीची आहे. कव्हर गेलेली वायर कशीबशी सिग्नल नेत असते, आणि शरीराचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी तिचं तेवढंही बळ संपतं. एमआरआय येण्याआधी तर म्हणे संशयित पेशंटला गरम पाण्याच्या टबात बसवून पाहायचे, लक्षणं वाढली की एमएस. मी हे वाचलं आणि हसायलाच आलं. टब कशाला, आणायचं नागपूरला, बसवायचं व्हेरायटी चौकात सिग्नलवर, निदान फुकटात.

पण यात एक दिलासाही आहे आणि तो मला कोणी पहिल्या दिवशीच सांगायला हवा होता. गरमीने किंवा तापाने बिघडलेलं गरमी गेली की परत येतं, नवीन नुकसान होत नाही. खरा अटॅक असेल तर ताप वगैरे नसताना नवीन त्रास चोवीस तासांहून जास्त टिकतो. हे माहीत नव्हतं तेव्हा पहिले दोन उन्हाळे मी प्रत्येक दुपारी समजायची की झालं, आता व्हीलचेअर, आणि प्रत्येक रात्री कूलरपुढे बसून बरी व्हायची आणि परत घाबरायची.

कूलरवर मी खरं तर वेगळा लेख लिहू शकते. आमच्याकडे एसी आहे, पण माझा जीव कूलरवर. मार्चच्या शेवटी गवताच्या ताट्या बदलायच्या, पंप साफ करायचा, बेल्ट पाहायचा, खिडकीबाहेर स्टँडवर डबा चढवायचा, पहिल्या दिवशी पाणी सोडल्यावर जो ओल्या गवताचा वास येतो त्याने माझा पाय निम्मा बरा होतो. विदर्भातलं ऊन कोरडं, म्हणून पाणी पटापट उडतं आणि उडताना गारवा देऊन जातं. हेच मी अंगावर करते. सुती दुपट्टा ओला करून पिळायचा, मानेभोवती गुंडाळायचा, पर्समध्ये गोठवलेली पाण्याची बाटली नॅपकिनमध्ये, दोन्ही मनगटांवर मधून मधून टेकवायची. बाहेरदेशी बर्फाचे कप्पे असलेली जाकिटं मिळतात, महाग असतात, मला त्या दुपट्ट्याचा कधी तोटा झाला नाही. मात्र हे जूनपर्यंतच. एकदा पाऊस सुरू झाला की हवेत ओल, कूलर नुसती चिपचिप करतो आणि ओला दुपट्टा मानेवर ओल्या पोतेऱ्यासारखा पडून राहतो. म्हणून लोकांना आश्चर्य वाटेल पण ४५ अंशांच्या मेपेक्षा मला ३३ अंशांचा ऑगस्ट जास्त छळतो.

आणि दुसरं म्हणजे मे महिन्यात मी एकटी नसते. मे महिन्यात अख्खं नागपूर माझ्यासारखं जगतं. कामं सकाळी दहाच्या आत उरका, बाहेर जायचं तर दोन कामं एकत्र करा, गाडी लांब लागली तरी चालेल पण सावलीत लावा, पाणी सोबत ठेवा, दुपारी फोनसुद्धा करू नका. चौकाचौकात सिग्नलवर हिरव्या जाळ्या लागतात, दुपारी काही सिग्नल बंदच ठेवतात कारण उन्हात कोणाला मिनिटभरही थांबवणं बरोबर नाही हे तेव्हा सगळ्यांना कळतं. तेव्हा मी "आज नाही जमणार, ऊन आहे" म्हटलं की कोणी भुवया उंचावत नाही. नोव्हेंबरात तेच वाक्य म्हणून पाहा.

३० मे २०२४ आठवतो का? शहरातल्या एका ऑटोमॅटिक हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली, मग कळलं की सेन्सर बिघडला होता, खरं तापमान दहाहून जास्त अंशांनी कमी होतं. सगळे हसले. मला मात्र त्या सेन्सरबद्दल फार माया वाटली. माझ्या पायाचंही तेच आहे, बाहेर चव्वेचाळीस असताना तो छप्पन्नचं रीडिंग देतो. आणि मजा पाहा, ३० मे हाच जागतिक एमएस दिवस. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत. हा दिवस ज्यांनी ठरवला ते नागपूरकर नक्कीच नव्हते.

गाडीचं सांगायचं राहिलं. मी अ‍ॅक्टिव्हावाली. लग्नाआधीपासून. थांबल्यावर गाडीचा भार घ्यायला खाली कोणता पाय टेकतो, कधी लक्ष दिलंय? डावा. २०१८ मध्ये एलएडी चौकात सिग्नलला थांबले, डावा पाय खाली ठेवला आणि तो ठेवलाच गेला नाही, गाडीसकट आडवी. लागलं काही नाही, पण चार लोकांनी उचलताना एकाने हळूच वास घेऊन पाहिला, मी पाहिलं त्याला पाहताना. दुपारी दोनला, साडी नेसलेली बाई. बाजूला दोन जास्तीची चाकं लावून गाडी चालवता येते, ती लावलीही, थंडीत भाजीबाजारापर्यंत अजूनही जाते. पण ऊन डोक्यावर असताना गाडी म्हणजे तव्यावर बसणं. म्हणून मेट्रो.

२०२० च्या जानेवारीत आमची अ‍ॅक्वा लाईन सुरू झाली तेव्हा लोक फिरायला म्हणून बसायचे, मी रडायला आले होते. फलाट आणि डब्याची पातळी एक. पायरी नाही. ज्याने रेल्वेच्या डब्याच्या त्या तीन लोखंडी पायऱ्यांसमोर मागे रांग असताना उभं राहून पाय वर येण्याची वाट पाहिली आहे त्यालाच कळेल की सपाट म्हणजे काय चीज आहे. लिफ्ट आहे, एसी आहे, बसायला आहे. शंकर नगरला उतरलं की ऑफिस. सरकत्या जिन्याचं मात्र नाव काढू नका, त्या हलत्या पायरीवर नेमक्या क्षणी पाऊल टाकणं हे माझ्या पायासाठी चालत्या बसमध्ये चढण्यासारखं आहे. साध्या जिन्याचा नियम फिजिओने पहिल्याच दिवशी शिकवला, चढताना चांगला पाय आधी, उतरताना वाईट आधी. "चांगले लोक वर जातात, वाईट खाली, एवढं लक्षात ठेवा." मी ऑफिसचा जिना चढताना अजूनही मनात म्हणते.

काठी घ्यायला मी दोन वर्षं लावली. भिंत धरीन, नवऱ्याचा दंड धरीन, छत्री धरीन (डिसेंबरात!) पण काठी नको. कारण काय, तर काठी म्हणजे आजीची. घेतली तेव्हाही उलटी घेतली, डावा पाय वाईट म्हणून काठी डाव्या हातात. फिजिओने हातातून काढून उजव्या हातात दिली. काठी चांगल्या बाजूला धरायची, वाईट पायासोबत पुढे टाकायची, मग भार दोघांत वाटला जातो. उंची अशी की हात सरळ खाली सोडला तर मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी. आणि खालचं रबर झिजलं की लगेच बदलायचं, ओल्या कोटा फरशीवर झिजलेलं रबर म्हणजे केळीचं साल. हे सगळं मला अर्ध्या तासात कळलं असतं तर दोन वर्षांत तीनदा पडले नसते.

काठीने एक गंमत केली. मी दिसायला लागले. आधी मेट्रोत राखीव सीटवर बसले की समोरचे आजोबा म्हणायचे, "बाई, तुम्ही तर तरुण आहात," आणि मी उठायची, कारण दोन-तीन स्टेशनांत मायलिन समजावून सांगणार कोण. आता काठी पाहून माणसं आपणहून उठतात. पण त्या सीटसोबत "अरेरे" पण येतं, आणि अरेरेसोबत उपाय. कोणाच्या मावसभावाला अमुक तेलाने फरक पडला, कोणी तमुक गावचा वैद्य सांगतं, एका बाईंनी झाशी राणी ते शंकर नगर एवढ्या वेळात मला मेथीचे तीन प्रयोग सांगितले. वाईट वाटून घ्यायचं सोडून दिलंय मी. मेथी खाते.

बसण्याचा सगळ्यात मोठा घोळ म्हणजे आपल्याकडचं बसणं खालचं आहे. इतवारीतल्या जुन्या साडीच्या दुकानात पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसायचं, तो "या ताई, बसा बसा" म्हणतो, आणि बसणं कठीण नाहीच, धपकन बसता येतं. उठायचं काय? आधी एका कुशीवर वळायचं, मग दोन्ही हात टेकून गुडघ्यांवर यायचं, मग चांगला पाय पुढे रोवायचा, मग काहीतरी पकडायचं, आणि तिथे पकडायला असतो फक्त साड्यांचा ढीग. मागच्या वेळी मी बहिणीच्या शालूसकट उठले. आता सरळ सांगते, भाऊ मला खुर्ची द्या, साड्या वर दाखवा. देतात हो. मागायचीच लाज असते.

महालक्ष्म्यांचं तसंच. आमच्याकडे महालक्ष्म्या म्हणजे तीन दिवस घर डोक्यावर, दुसऱ्या दिवशी पुरण, आंबील, कथली, सोळा भाज्या, आणि सगळं उभ्याने. मान खाली घालून भाजी निवडायला घेतली की माझ्या मानेतून पाठीच्या कण्यात सर्रकन करंट जातो (यालाही नाव आहे, नका विचारू, फ्रेंच आहे), आणि अर्धा तास ओट्याशी उभं राहिलं की पाय लाकडासारखा ताठ. हा ताठपणा गोळीने कमी होतो, पण गोळी जास्त झाली की पाय इतका सैल पडतो की उभंच राहता येत नाही, म्हणजे ज्याच्या नावाने रडायचं त्याच ताठपणावर आपण उभे असतो. म्हणून मी पहिल्या वर्षी स्वयंपाकघरात उंच स्टूल आणलं. सासूबाई म्हणाल्या, "सोवळ्यात स्टूल?" मी म्हटलं, "आई, स्टूल धुतलंय." तीन वर्षं त्या काही बोलल्या नाहीत, चौथ्या वर्षी त्यांचे गुडघे दुखायला लागले, मी पुरण वाटायला आत गेले तर स्टुलावर त्या. आता आमच्याकडे दोन स्टुलं आहेत.

एक गोष्ट लिहू की नको असं चाललं होतं, लिहितेच. बसकणींसारखा माझा दुसरा नकाशा बाथरूमचा आहे. या आजारात लघवीची घाई होते, म्हणजे आत्ता म्हणजे आत्ता, आणि बाजारात बाईमाणसाने जायचं कुठे. मग बाहेर पडायच्या आधी पाणीच प्यायचं नाही, हा उपाय आपण सगळ्या बायका शाळेपासून शिकलेल्या. नागपूरच्या उन्हात तो उपाय म्हणजे आत्महत्या. पाणी कमी पडलं की इन्फेक्शन, इन्फेक्शन झालं की ताप, ताप आला की पाय गेला. एका साध्या इन्फेक्शनने मी सहा दिवस पलंगावर होते, घरच्यांना वाटलं मोठा अटॅक. आता पाणी पिते आणि कोणत्या दुकानात, कोणत्या बँकेत, कोणत्या हॉटेलात विचारलं तर नाही म्हणत नाहीत हे पाठ आहे.

सर्टिफिकेटचा किस्सा पण भारी आहे. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात सातच प्रकार होते, एमएसचं नाव नव्हतं. २०१६ च्या नव्या कायद्यात एकवीस झाले आणि त्यात एमएस नावानिशी आलं. ४० टक्के किंवा जास्त असेल तर सवलती. मी अर्ज केला, तपासणीची तारीख आली जानेवारीतली, सकाळी नऊची. गुलाबी थंडी. मी त्या दिवशी इतकी छान चालले, इतकी छान चालले की माझीच मला लाज वाटली. तपासणाऱ्या डॉक्टरांनी पण विचारलं, "तुम्ही तर बऱ्या चालता?" मी म्हटलं, "सर, मेमध्ये बोलवा, दुपारी." ते हसले. टाचणीने पाय तपासला, हातोडी मारली, एमआरआय पाहिला, बेचाळीस टक्के मिळाले. कार्डावर तो एकच आकडा आहे, बारा महिने, तिन्ही ऋतू, चोवीस तास. माझ्या मते कार्डाच्या मागे थर्मामीटर छापायला हवा.

माझं माहेर नागपूरच्या महाल भागातलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे ईडा पीडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, पाहायला आम्ही लहानपणापासून इतवारीत जायचो, काळी मारबत १८८१ पासून निघते आणि पिवळी १८८५ पासून, दोघी भेटतात त्या नेहरू पुतळ्यापाशी तर पाय ठेवायला जागा नसते. आता मी त्या गर्दीत जात नाही, रस्त्यावरच्या एका ओळखीच्या घराच्या ओट्यावर आधीच जाऊन बसते. मागच्या वर्षी भाचा सोबत होता, आठ वर्षांचा. लोक ओरडतात ना, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत, खोकला घेऊन जा, महागाई घेऊन जा. मारबत समोर आली तसा हा उभा राहिला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "आत्याचा एमएस घेऊन जा गे मारबत!" खालून एक काका वर पाहून म्हणाले, "बरोबर आहे बे पोट्ट्या, एमएसईबीनं बिल लय वाढवून ठेवलं," आणि पुढच्या पाच मिनिटांत अख्खी ओळ एमएसईबीच्या नावाने ओरडायला लागली. भाचा रडकुंडीला आला, तसं नाही, तसं नाही म्हणून. मी हसून हसून ओट्यावरून पडायची राहिले.

तर ओट्यांचंच सांगत होते. या दिवाळीनंतर गल्लीच्या तोंडाशी काकूंचं घर पडलं. म्हणजे पाडलं, तिथे फ्लॅट स्कीम येऊन राहिली आहे, चार मजली, खाली पार्किंग. काकू मुलाकडे मनीषनगरला गेल्या. जाताना पेढे द्यायला आल्या, मी खूप आनंद झाला वगैरे म्हटलं आणि मनात नुसता हिशोब चालू, घरापासून किराण्यापर्यंत आता मधे काहीच नाही, दीडशे पावलं सलग. तो ओटा काय होता, गुडघ्यापेक्षा जरा उंच, शहाबादी फरशीचा, सकाळी सावलीत. बसायला बरोबर, उठायला त्याहून बरोबर. नव्या इमारतींना ओटे नसतात, गेट असतं. नवऱ्याने ऑनलाईन ती काठीची उघडून स्टूल होणारी वस्तू मागवली, तीन पायांची, ती खडबडीत रस्त्यावर अशी डुगडुगते की बसलेल्या माणसाला धरायला अजून एक काठी लागेल. माळ्यावर गेली, सँडलांच्या सोबतीला.

आठ-दहा दिवस ऑटो केला, स्टेशनपर्यंत, ऑटोवाले इतक्या जवळचं भाडं घ्यायला कुरकुरतात. मग एक दिवस चालतच निघाले आणि बांधकामाच्या पत्र्यापाशी पाय थांबला. पूर्ण थांबला. तिथे साईटचा वॉचमन खुर्चीत बसून मोबाईल पाहात होता. मी काठीवर टेकून उभी. त्याने एकदा पाहिलं, परत पाहिलं.

"का झालं जी ताई?"

"काही नाही भाऊ. पाय थांबला. दोन मिनिटं बसू द्याल?"

तो उठला, खुर्चीवर हात फिरवून सिमेंट झटकलं आणि स्वतः विटांच्या थप्पीवर बसला. मी बसले. खुर्ची खोल होती, मागे कललेली, यातून उठायला त्रास होणार हे बसता बसताच कळलं. त्याने विचारलं, रोज जाता का इकडून? मी म्हटलं हो, सोमवार ते शनिवार, साडेनऊला. "मंग उद्या विटा लावून उंच करून ठेवतो," तो म्हणाला, आणि मोबाईलमध्ये परत डोकं घातलं.

स्कीम दीड वर्षात पूर्ण होणार असं बाहेरच्या बोर्डावर लिहिलंय. पण आपल्याकडे बोर्डावर दीड म्हणजे तीन.